अक्काची ढब

शिवाजी पेठेतल्या आमच्या घराची एका बाजूची भिंत आणि तालमीची भिंत एकच होती. पलीकडं कुणी वजन खाली टाकलं की आमच्या मांडणीतली पितळी भांडी किणकिणायची. आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणायची, "पडलं बाई कुणाच्या तरी हातातनं." सगळ्यांच्याच घरात भांडी अशी आपोआप वाजतात, असं मला लहानपणी वाटायचं. पहाटे शड्डूचे आवाज, मग गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढतात त्या दूध कट्ट्यावरून हाका, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि या सगळ्याच्या खाली तो लोखंडाचा दणका. आबा उद्यमनगरात एका फौंड्रीत ओतकामाला होते. संध्याकाळी घरी आले की कानांच्या पाळ्यांपर्यंत काळे असायचे. मोरीत पाणी ओतून घेताना त्यांच्या अंगावरून शाईसारखं पाणी वाहायचं आणि अक्का त्यांच्या पाठीवर दगडानं घासून द्यायची. तिच्या हाताला जोर होता. आबा म्हणायचे, "कमळे, कातडं ठेव की जरा."

कमल ही माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणायची, अजूनही म्हणते. आम्ही दोघी बाजेवर शेजारी बसलो की आमची डोकी एका रेषेत यायची, आणि उभ्या राहिलो की ती माझ्यापेक्षा वीतभर उंच. तिची सगळी उंची मांड्यांत होती. धड आखूड, पाय लांबच लांब. गल्लीतल्या पोरी तिला "सायकल" म्हणून चिडवायच्या. मी उलट होते. आखूड पायांची, लांब धडाची, बसकी. आई आम्हाला एकाच ताग्यातलं कापड आणून परकर शिवायची, तेव्हा माझ्यातून वाचलेला तुकडा अक्काच्या घेराला खाली जोडायची. या असल्या गोष्टीवर कुणाचं आयुष्य ठरेल, असं तेव्हा कुणी म्हणालं असतं तर आम्ही हसलो असतो.

तालमीत कुस्तीच्या हौद्याशेजारच्या खोलीत वजनं होती. तिथं इंगळे सर शिकवायचे. फौजेतून निवृत्त झालेले, आखूड पायांचे, रुंद छातीचे, बोलायला खणखणीत. मुलींना वजन उचलायला शिकवायचं त्यांच्या मनानं घेतलं, तेव्हा पेठेत बरंच हसू झालं. ते घरोघरी गेले. आमच्याकडं आले तेव्हा आबांनी चहा पाजला आणि सरळ सांगितलं, "सर, पोरींचं काय काम तिथं?"

"तुमची कमल दोन्ही हातात दोन घागरी घिऊन जिना चढती, मी बघितलंय," सर म्हणाले. "घागर उचलाय लाज न्हाई, मग बार उचलाय कसली लाज?"

आबा हसले, आणि त्यांच्या हसण्यात परवानगी होती. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी आबांच्या जुन्या पायजम्यांना नाडी आवळून तालमीत जायला लागलो. हे इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात सरांची बाजू कमी पडू नये. ते आमच्या दारात आले नसते तर आम्हा दोघींना लोखंडी बारचा गारवा कधी कळलाच नसता.

सरांची शिकवण्याची ढब एकच होती. दोन पायांत कमरेइतकं अंतर, पंजे जरासे बाहेर, टाच जमिनीला चिकटलेली, छाती वर, आणि खाली बसायचं ते सरळ खांबासारखं. ते फौजेत असंच शिकले होते आणि त्यांची पोरं तशीच बक्षिसं घेऊन आली होती. मी पहिल्याच दिवशी बेडकासारखी खाली बसले आणि सर म्हणाले, "ही जन्मालाच बसून आलीया." अक्का बसली की एक तर टाचा उचलल्या जायच्या, नाहीतर छाती गुडघ्यांवर यायची. तिच्या लांब मांड्या तिला मागं ढकलायच्या आणि तोल सावरायला पाठ पुढं झुकायची. बार डोक्यावर असला की तो हटकून पुढं जाऊन पडायचा. अंगात ताकद माझ्या दीडपट, पण वजन मी उचलायची.

"छाती वर, कमल!" सर हातातली छडी तिच्या पाठीवर टेकवायचे. मारायचे नाहीत, नुसती टेकवायचे. "भ्यालीस काय?"

"न्हाई सर."

"मग वाकतीस कशाला?"

ती पुन्हा उभी राहायची, पुन्हा बसायची, पुन्हा वाकायची. संध्याकाळी आई निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून तिची कंबर शेकायची आणि पुटपुटायची, "लोखंडानं पोरगी खाल्ली माझी." मी आता नुकतीच शाळेतून क्रीडाशिक्षिका म्हणून निवृत्त झाले. कुठलीही नवी मुलगी आली की मी तिला आधी भिंतीला टेकवून जमिनीवर बसवायची, मांडी किती आणि धड किती ते बघायची, हात मोकळे सोडल्यावर कुठवर येतात ते बघायची, आणि मग तिच्या दोन पायांत किती अंतर ठेवायचं ते ठरवायची. टाच उंच असलेले बूट आता दुकानात मिळतात, मुली मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढून बघतात. तेव्हा यातलं काही नव्हतं. सरांनाही कुणी सांगितलं नव्हतं. पाठ वाकली तर ते भित्रेपण, नाहीतर आळस, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी अक्का परसात आबांचे फौंड्रीतले कपडे धूत होती. आमचा धुण्याचा दगड एका बाजूला उंच होता. ती त्या उंच कडेवर टाचा ठेवून, पाय चांगले फाकून, पंजे बाहेर वळवून उकिडवी बसली होती. मी शेजारी दात घासत होते. तिनं सदरा पिळला, झटकायला दोन्ही बाह्या धरून डोक्यावर नेला आणि तशीच थांबली. पाणी तिच्या कोपरांवरून काखेत गळत होतं.

"लते, बघ."

"काय?"

"माझी पाठ बघ की."

मी बघितली. पाठ सरळ होती. भिंतीवर सोडलेल्या ओळंब्यासारखी सरळ, आणि ती पार खाली बसली होती. तिचा चेहरा मी विसरलेली नाही. आनंद म्हणण्यापेक्षा, कुणीतरी बरेच दिवस आपल्यावर घेतलेला आळ एकदम उतरावा तसा तो चेहरा होता.

त्या दुपारी तालीम रिकामी असताना आम्ही गेलो. किल्ली सरांनी आमच्याकडंच ठेवलेली असायची, झाडलोट मुलींनी करायची म्हणून. अक्कानं जुन्या खोक्याच्या दोन फळ्या आणल्या होत्या, त्या टाचांखाली घेतल्या. पाय दगडावर होते तसे फाकले. हात बारवर पार कडेपर्यंत नेले, इतके लांब की बार तिच्या मांडी आणि पोटाच्या घडीत येऊन बसला. सुरुवातीला ढुंगणही तिनं सरांच्या ढबीपेक्षा उंच ठेवलं. मग ओढलं. जे वजन गेले कित्येक महिने पुढं पडत होतं, ते वर गेलं आणि वरच राहिलं. ती खाली बसलेली, बार डोक्यावर, आणि काहीच हलत नव्हतं. मग ती उभी राहिली, आणि बार खाली टाकायच्या ऐवजी तिनं तो हळूच आणून ठेवला. घरी गेल्यावर आईनं विचारलं, "कुठं गेलतासा? तालमीत तर काय आवाज न्हाई."

आणखी दोन-चार दिवस आम्ही दुपारचं असंच केलं. अक्का रोज थोडं वाढवत गेली. एका दुपारी मी वळून बघितलं तर दारात सर उभे होते, चपला हातात घेऊन. कधी आले होते कुणास ठाऊक.

"परत कर," ते म्हणाले.

अक्कानं परत केलं. तेवढं वजन त्या काळात आमच्या भागातल्या कुठल्याच मुलीनं माझ्यासमोर उचललेलं नव्हतं. सर बाकावर बसले. त्यांनी त्या फळ्या हातात घेऊन उलट्यासुलट्या करून बघितल्या.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "वाईट न्हाई. पण राज्य स्पर्धेची निवड चाचणी तोंडावर आलीया, कमल. ऐन वेळी ढब बदलली की माणूस गोंधळतंय. मी बघितल्यात तसली पोरं. चाचणी जुन्याच ढबीनं कर. परत आल्यावर मी सोता तुझ्यासंगं हे बसीवतो."

हे त्यांनी आकसानं सांगितलं नाही. मीही पुढं किती तरी मुलींना स्पर्धेच्या तोंडावर हेच सांगितलं, नवीन काही करू नका म्हणून, आणि ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण त्या वर्षी आमच्या घरात त्या चाचणीवर बरंच लोंबकळत होतं. आजऱ्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. आबांनी पाहुण्यांना थांबवून ठेवलं होतं. निवड झाली तर पोरीला खेळातून नोकरी लागेल, मग तिच्या मनासारखं. नाही झाली तर अक्षता. अक्कानं हे मान्य केलं होतं.

त्या संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या शेंगा गोळा करताना मी तिला म्हणाले, "अक्का, ऐकू नको. तुझ्या ढबीनंच कर. तिथं सर काय करणार हायत?"

"काय करणार न्हाईत," ती म्हणाली. "पण आख्खी पेठ हसत हुती तवा त्यांनी माझ्या हातात बार दिला. आता मला जरा जमाय लागलं म्हणून त्यांचा शब्द मोडतो?"

आमच्याकडं बायका स्वतःविषयी असंच बोलायच्या, 'मी जातो', 'मी मोडतो'. मी अजूनही घरात तसंच बोलते.

चाचणी सांगलीला होती. आईनं धपाटे, दही आणि खर्डा बांधून दिला. एसटीत अक्का खिडकीशी बसली होती आणि रस्ताभर उसाच्या गाड्या मोजल्यासारखी बाहेर बघत होती. माझा वजनगट आधी झाला. मी सरांच्या ढबीनं उचललं, ती ढब माझ्या अंगाला बेतल्यासारखी होती, आणि माझी निवड झाली. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग अक्काचा गट. स्नॅचमध्ये, म्हणजे बार एका दमात डोक्यावर न्यायच्या प्रकारात, तिचं एक हलकं वजन कसंबसं राहिलं, बाकीचे बार पुढं पडले. आता सगळं क्लीन अँड जर्कवर होतं, बार आधी खांद्यावर घेऊन मग डोक्यावर न्यायचा त्या प्रकारावर.

ती बारसमोर जाऊन उभी राहिली. हॉलमध्ये पंखे फिरत होते. तिनं खाली स्वतःच्या पायांकडं बघितलं. मग डावा पाय जरा बाहेर सरकवला, उजवाही सरकवला. तिनं मान वर करून सरांकडं बघितलं. सर नुसते बघत राहिले. तिनं पाय परत जवळ घेतले.

बार खांद्यावर आला. ती खाली बसली, आणि उठताना आधी कंबर वर आली, छाती खालीच राहिली, आणि मधे पाठ कमानीसारखी वाकली. ती ओरडली नाही. तिनं बार टाकलाही नाही, खाली ठेवला, नेहमीसारखा हळूच. आणि तिथंच गुडघ्यावर बसली. लोकांना वाटलं, ती दमली. मी आणि सर धावलो. तिनं माझा दंड धरला आणि अगदी हळू विचारलं, "लते, माझा डावा पाय कुठं हाय?"

पाय जागेवरच होता. मी त्याला हात लावून दाखवला. "हितं हाय बघ," मी म्हणाले. तिनं मान हलवली. तिला माझा हात कळत नव्हता.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी फळीवर निजवायला सांगितलं. मधल्या खोलीत, तालमीच्या भिंतीला लागून तिची फळी टाकली, कारण तेवढीच जागा होती. आई पहिले काही आठवडे तालमीच्या दिवसांसारखंच दूध, अंडी, भिजवलेले शेंगदाणे तिच्या उशाशी ठेवत राहिली. अक्का थोडं खायची, बाकी मला द्यायची. मग एक दिवस आईनं अंड्याची वाटी आणलीच नाही. अक्कानं आमटीभात खाल्ला आणि ताट सरकवलं. आई चुलीपुढं जाऊन पाठमोरी बसून राहिली.

मला रोज तालमीत जावं लागायचं, माझी निवड झाली होती. मी भिंतीच्या पलीकडं वजन उचलायची आणि ती अलीकडं फळीवर पडून ऐकायची. घरी आले की म्हणायची, "आज तिसरा बार घाईनं ओढलास." तिचं बरोबर असायचं. आबांना ते सहन व्हायचं नाही. ते म्हणाले, "कमळे, पोरांना सांगून तुझी फळी पुढच्या खोलीत न्हेऊया. आवाज तरी यायचा न्हाई." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की आबा. तेवढंच." त्यानंतर मी बार हळू ठेवायला लागले, तर तिनं तेही ओळखलं आणि माझ्यावर रागावली. "टाकायचा तसा टाक," म्हणाली, "माझ्यासाठी चोरट्यासारखं करू नको."

सर बरेच दिवस आले नाहीत. आले ते एका दुपारी, पेरू घेऊन. दाढी वाढलेली होती. फळीशेजारच्या पाटावर बसले आणि पेरूच्या पिशवीची गाठ सोडत, बांधत राहिले.

"हुपरीची एक पोरगी याय लागलीया," शेवटी ते म्हणाले. "आई-बाप पैंजणं करत्यात. रोज एसटीनं येती. तिची मांडी तुझ्यासारखीच लांब हाय, कमल. तिला मी वाकवणार न्हाई. ती तुझी ढब मला सांग."

अक्कानं तोंड भिंतीकडं केलं. आई आतून आली. सरांशी तिनं कधी डोक्यावरचा पदर नीट केल्याशिवाय बोलणं केलं नव्हतं. त्या दिवशी पदर खांद्यावरच होता.

"सर, आता आणि काय मागाय आलाय? आख्खी पोरगी दिलीती की तुमच्या हातात."

सर उठले. "व्हय वहिनी," एवढंच म्हणाले आणि गेले. पेरू तसेच राहिले. अक्का भिंतीकडं तोंड करून पडली ती जेवायलाही वळली नाही. त्या दिवशी तिच्या मनात काय चाललं होतं, ते मला तिनं कधी सांगितलं नाही. आपल्याला सुचलेलं, आपल्याच अंगातून निघालेलं, आणि आता आपल्याला कधीच उपयोगी न पडणारं, ते दुसऱ्या मुलीला देऊन टाकायचं. मी असते तर दिलं असतं का, मला माहीत नाही.

चार-सहा दिवसांनी मी वेणी घालत असताना ती म्हणाली, "सरांना बोलीव."

सर आले. तिनं आईला केरसुणीचा दांडा मागितला आणि सरांच्या हातात द्यायला लावला. मग स्वयंपाकघरातला पाट. "टाचा पाटावर घ्या," ती म्हणाली. "पाय आणखी रुंद. अजून. पंजे भाईर." पन्नाशी उलटलेला तो माणूस आमच्या मधल्या खोलीत, धोतराचा सोगा खोचून, केरसुणीचा दांडा डोक्यावर धरून खाली बसत होता. अक्का फळीवरून मान तिरकी करून बघत होती. "हात कडेला न्ह्या. मांडीच्या घडीत बार आला पायजे. लांब मांडीच्या पोरीला जवळ धरून चालत न्हाई." ते करत होते, चुकत होते, परत करत होते. त्यांचे पाय आखूड, त्यांच्या अंगाला ती ढब परकी होती, तोल जात होता.

"छाती वर, सर," अक्का म्हणाली.

ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. टोमणा नव्हता. सर तसेच खाली बसून राहिले, दांडा डोक्यावर धरून, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईनं तोंड फिरवलं. आबा दारात येऊन उभे राहिले होते, ते पुढं झाले, सरांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उभं केलं.

हुपरीची मुलगी पुढच्या वर्षी राज्याला पदक घेऊन आली. ती आमच्याकडं आली तेव्हा तिच्या वडिलांनी घडवलेले पैंजण आणले होते. तोवर अक्का काठी धरून चालायला लागली होती. मुलीनं स्वतः खाली बसून दोन्ही पायांत पैंजण घातले. अक्का थोडं चालून बघते म्हणाली. खोलीच्या त्या टोकाला जाऊन आली, आणि हसत म्हणाली, "एका पायातलं कळतंय. दुसऱ्यातलं नुसतं वाजतंय." ती पोरगी बिचारी रडायला लागली, तर अक्कानंच तिला गप्प केलं आणि शेंगदाण्याचा लाडू खायला घातला.

आजऱ्याचे पाहुणे थांबले नव्हते, पण तिथलंच दुसरं एक स्थळ आलं. माणूस चांगला होता. भाताची शेती, थोडी काजूची झाडं. त्यांना तिचा पाय ठाऊक होता आणि त्यांनी त्याची कधी वाच्यता केली नाही. लग्नात सर अक्षता टाकून, न जेवता निघून गेले. अक्का त्यानंतर माहेरी यायची, पण तालमीची पायरी तिनं चढली नाही. मला नोकरी लागली, पदकं मिळाली, ती कपाटात आहेत. सर गेले तेव्हा त्यांच्या तालमीत लांब पायांच्या, आखूड पायांच्या, सगळ्या तऱ्हेच्या मुली होत्या आणि प्रत्येकीचे पाय वेगळे पडलेले असायचे.

गेल्या दिवाळीला मी आजऱ्याला गेले होते. दुपारची वेळ, भावजी रानात गेले होते, सुना आत निजल्या होत्या. आम्ही दोघी सोप्यात बसून काजूगर निवडत होतो, अख्खे एकीकडं, तुकडे एकीकडं. इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते त्या दिवशी तोंडातून निघून गेलं.

"अक्का, त्या दिवशी सांगलीला तू तुझ्या ढबीनं केलं असतंस तर?"

तिची बोटं सुपात चालत राहिली. मला वाटलं, ऐकलं नाही. अलीकडं तिला कमी ऐकू येतं.

"उचललं असतं की," ती म्हणाली. "तुला काय वाटलं?"

तिनं सूप बाजूला सरकवलं आणि उठायला लागली. मी हात पुढं केला नाही, तिला ते चालत नाही. तिनं खांब धरला, उजव्या पायावर जोर घेतला, डावा ओढून जवळ आणला, आणि चहा टाकायला आत गेली.